उल्लेखनीयतेचा निकष आणि हौशी वर्तुळे

कोशात कोणाची नोंद घ्यावयाची, हा प्रश्न छापील कोशांच्या काळी पुष्कळ अंशी पृष्ठसंख्याच सोडवीत असे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड झाले तरी चोविसाव्यासाठी कागद आणि पैसा कोठून आणावयाचा, हा विचार संपादकाला चुकला नसता. २००१ मध्ये महाजालावर विकिपीडिया अवतरला आणि जागेची ही अडचण नाहीशी झाली. तिची जागा मग निकषाने घेतली. ज्याच्याशी हितसंबंध नाहीत अशा विश्वसनीय साधनांनी ज्या विषयाची विस्ताराने दखल घेतली असेल, तो उल्लेखनीय, असा हा निकष आहे.

मंत्री किंवा कादंबरीकार यांच्याबाबत तो निर्वेधपणे चालतो. विज्ञानकथांच्या इंग्रजी-अमेरिकन चाहत्यांचे वर्तुळ घेतले की त्याची मर्यादा दिसू लागते. हे चाहते स्वखर्चाने जी पत्रे काढीत, त्यांना १९४० पासून 'फॅनझीन' हे नाव मिळाले. १९४४ मध्ये जॅक स्पीअर याने या वर्तुळाचा स्वतंत्र कोशच सिद्ध केला. म्हणजे दस्तऐवजांचा येथे तुटवडा नाही. परंतु लेखक, प्रकाशक, वाचक आणि समीक्षक ही सारी तीच माणसे असल्यामुळे प्रत्येक साक्ष घरचीच ठरते.

पुरस्कारांच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. ह्यूगो पुरस्कार १९५३ पासूनचा. त्यात हौशी लेखकासाठी स्वतंत्र विभाग १९६७ मध्ये आला. डेव्हिड लँगफर्ड यांना तो एकवीस वेळा मिळाला. फॅनझीनपुरताच मर्यादित असलेला 'फान' पुरस्कार १९७५ मध्ये सुरू झाला. ह्यूगोसाठी जागतिक संमेलनाचे सभासद मत देतात. त्यांपैकी अनेकांचा मुख्य रस कादंबऱ्यांत असतो. 'फान'ला मत देणारे मात्र ही पत्रे प्रत्यक्ष वाचणारे असतात. तरीही कोशाची वाट सुकर होते ती ह्यूगोमुळे. ज्यांचे वाचन अधिक जवळचे, त्यांच्या निवाड्याचे वजन कमी! निकष येथे गुणवत्ता मोजत नाही, वर्तुळाबाहेर पोचलेला आवाज मोजतो. आणि अनुल्लेखाचा अर्थ मात्र गुणवत्तेचा अभाव असा लावला जातो.

म्हणून प्रत्येक वर्तुळाची साक्ष जशीच्या तशी स्वीकारावी, असे नव्हे. तसे केल्यास दोन मित्र परस्परांना पुरस्कार देतील आणि दोघेही कोशात जातील. शिवाय पन्नास वाचकांसाठी लिहिणाऱ्या हयात माणसावर, कोणीही बदलू शकेल असे चरित्र लादणे हा त्याचा सन्मान खासच नव्हे. व्यक्तींपुरता कठोर निकष राहावा हेच इष्ट. पुरस्काराला मात्र वेगळे प्रश्न विचारावयास हवेत: तो किती वर्षे दिला जात आहे, मतदार कोण, आणि पूर्वीचे निकाल आज पडताळता येतात काय?

पडताळणीची सोय आता वाढतेही आहे. २०१२ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने रस्टी हेवलिन यांचा फॅनझीनांचा मोठा संग्रह मिळविला. उद्या एखाद्या संशोधकाने त्यातील कोणा विस्मृत संपादकावर प्रबंधाचे एक प्रकरण लिहिले, आणखी एकाने त्याची चर्चा केली, की तोच संपादक उल्लेखनीय ठरेल. त्याच्या पत्रांतील एक ओळही त्यासाठी बदललेली नसेल.