उजवीकडे वळताना

गाडी पुढे नेणे चार दिवसांत येते, मागे घेणे आठ दिवसांत. उजवीकडे वळणे यायला मात्र महिना लागतो, असे माझे मत झाले आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावे वळण आपल्याच कडेला असते. उजवे वळण म्हणजे समोरून येणाऱ्याची वाट कापून जाणे.

आमची सूनबाई हल्ली गाडी शिकते आहे. तिच्या सासूला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी भातकुलीहून अमरावतीला न्यावे लागते. मुलगा पुण्याला, आणि अंधार पडला की समोरच्या दिव्यांनी माझे डोळे दिपतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. पक्क्यासाठी निदान तीस दिवस थांबावे लागते. तोवर गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारी परवानावाला माणूस, म्हणजे मी.

परतताना आमच्या शेताची पांदण उजव्या हाताला लागते. तिथे ती थांबली की मागचा हॉर्न सुरू करतो.

“मामाजी, घेऊ काय?” ती विचारते.

“वाजवू दे त्याला. तो दोन मिनिटे खोळंबेल, बस. समोरचा ट्रक मात्र खोळंबणार नाही.”

हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. थांबलेली मोटार वळून पांदणीत शिरायला पाच सेकंद धरा; तेवढ्यात ती ११० मीटर येऊन ठेपते. ट्रॅक्टर-ट्रॉलीला दहा सेकंद सहज लागतात, म्हणजे २२० मीटर. आमच्या रस्त्याचे विजेचे खांब मी पावलांनी मोजले. साधारण ५० मीटरवर एक आहे. म्हणून सूनबाईला सांगितले, मोटारीला चार खांब मोकळे हवेत, ट्रॅक्टरला सहा. मोटारसायकल अंगाने बारीक, ती असते त्याहून दूर भासते. तिला आणखी एक खांब द्यावा.

वळणाच्या बऱ्याच आधी इंडिकेटर द्यायचा, आरशात पाहायचे, रस्त्याच्या मध्याशी येऊन थांबायचे. थांबताना चाके सरळच ठेवायची. आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरच्याच्या पुढ्यात जाते. निघण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे एक नजर, कारण आपल्याकडे इंडिकेटर दिसत असूनही उजवीकडून पुढे काढणारे महाभाग आहेत. पांदणीच्या तोंडाशी बैल, पोर कोणी आहे का तेही पाहावे, नाहीतर अर्ध्या रस्त्यात अडकाल. आणि समोरच्याने दिवे चमकावले तर तो ‘या’ म्हणतो असे समजू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा ‘मी येतोय, थांब’ असाच असतो. एखाद्या ट्रकवाल्याने हाताने वाट दिली, तरी त्याच्या आडून मोटारसायकल येत नाही ना, हे आपणच पाहायचे.

हायवेची गोष्ट वेगळी. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याचा गिनीज विक्रम झाला. रस्ता सुरेख झाला, पण गाड्याही तशाच धावतात. तिथे दुभाजकाच्या फटीत मोटार कशीबशी मावते, ट्रॉली मावत नाही. तिची शेपटी वेगाच्या पट्ट्यात राहते. म्हणून ट्रॉली घेऊन दोन्ही बाजू एकदम मोकळ्या असल्याशिवाय निघू नये. नसेल जमत तर पुढच्या पुलाखालून फिरून यावे. त्यात लाज कसली? अमेरिकेत लोक उजवीकडून चालतात, म्हणून आपले उजवे वळण ते त्यांचे डावे. तिथली यूपीएस ही मोठी पार्सल कंपनी गाड्यांचे मार्गच असे आखते, की शक्यतो डावीकडे वळावे लागू नये.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक. वावरात वळायला ब्रेकचे दोन्ही पायडल वेगळे ठेवतो. डांबरीवर येण्याआधी ते खिटीने जोडून घ्यावेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा फिरतो. पऱ्हाटी किंवा कुटार भरले की ट्रॉलीचे मागचे दिवे झाकतात. आम्ही लाल रिफ्लेक्टर एका पाटीवर ठोकून घेतले आहेत. माल भरून झाला की सूनबाई ती पाटी सर्वांत मागे दोरीने बांधते.