पाचशे एकची पावती

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा परंडा तालुक्यातले सगळे निरोप फोनवरच्या ग्रुपांत फिरत होते. कुठला रस्ता बंद, कुठल्या वस्तीवर माणसं अडकलीत, चारा कुठं मिळतोय. पंधरा दिवसांनी पंचनाम्यासाठी एकाला गोठ्याचा जुना फोटो पाहिजे होता, तो कुणालाच सापडेना. तेव्हा आम्हा चार-पाच जणांच्या डोक्यात आलं, तालुक्याचा स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर काढू.

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण मालक एक नाही. जर्मनीतल्या ऑयगेन रोचकोनं २०१६ मध्ये सुरू केलं. ज्याचा त्यानं सर्व्हर चालवायचा, आणि ईमेलसारखे सगळे एकमेकांशी बोलतात. वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्याकडचे बरेच जण तिकडं गेले. त्यात मीही. बरेचसे परत आले, मी राहिलो.

सॉफ्टवेअर फुकट आहे, चालवणं नाही. आपल्या माणसांनी बाहेरच्या ज्यांना फॉलो केलं, त्यांच्या फोटोंच्या प्रती आपल्या सर्व्हरवर येऊन पडतात. घरची माणसं कमी अन् पाहुण्यांच्याच पंगती. बॅकअप वेगळा, डोमेनचे पैसे दरवर्षी. स्वतःचं आयफोन अ‍ॅप काढायचं म्हणलं तर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करायचं, सर्व्हर केवढासाही असो. आणि रात्री दोनला कुणी घाण टाकली, तर ती काढणार कोण? हा खर्च कागदावर कुणीच धरत नाही.

महिना पन्नास रुपये वर्गणी ठरवली. गणपतीला पाचशे एकची पावती फाडणारा एक जण म्हणाला, "फेसबुक फुकट आहे की राव!" राग आला, पण मग आठवलं. मी ज्या सर्व्हरवर आहे, त्याच्या चालकाला सहा वर्षांत मी स्वतः एक रुपया दिला नव्हता. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं परदेशात कार्डावरून आपोआप जाणारे हप्ते अडकायला लागले, हे कारण मी सांगत फिरायचो. त्याआधी तरी कुठं दिले होते?

आता कुणी म्हणेल, मोठा गुंतवणूकदार गाठा. कू ॲपकडं गुंतवणूकदारांचे कोट्यवधी होते, मराठीतही लिहिता यायचं. जुलै २०२४ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. उलट फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाची मंडळी पॉडरी डॉट कॉम स्वयंसेवकांच्या जिवावर, देणग्या मागत चालवत आलीत. त्यांचीही दमछाक होतेच.

म्हणून आम्ही बेत लहान केलाय. खाती फक्त तीस, व्हिडिओ नाही, वर्षाचे पैसे आधी. अकरा जणांनी दिलेत. पुढचा पावसाळा यायच्या आत तीस व्हायला पाहिजेत. (ही पोस्ट मी फेसबुकवरच टाकतोय, हे कळतंय मला.)

रविवारी सकाळी नऊला किल्ल्याच्या दाराशी बसतोय. कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी या. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्यायच्यात.