आलं का रे?

मंडळी, क्योतोत दिशा चुकली तर सरळ बाल्कन्यांकडे बघा. तिथल्या 45 सेंटिमीटरच्या डिश एकजात नैऋत्येकडे तोंड करून असतात. त्यांचा उपग्रह 110 अंश पूर्व रेखांशावर, बोर्निओच्या डोक्यावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे. मास्टर्सला आलो तेव्हापासून त्या बघतोय, पण घरी कधी लावली नव्हती. टीव्ही बघायला वेळ कुणाला?

आई गेल्यावर बाबा कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी आले. आम्ही दोघे कामावर, मुलगी शाळेत. बोलायला माणूस नाही. दिवसभर खिडकीशी बसून असत, जेवायला हाक मारली की "भूक नाही". मार्चमध्ये ओसाकाची सुमो स्पर्धा सुरू झाली आणि खासबागेत कुस्त्या बघत वाढलेला हा माणूस सावरून बसला! पण साध्या चॅनेलवर वरच्या गटांच्याच कुस्त्या, त्याही उशिरा. नवख्या पोरांच्या कुस्त्या दुपारपासून, पण त्या डिशवर.

शनिवारी डिश आणली. क्योतोसाठी कोन क्षितिजापासून 41 अंश. ब्रॅकेटवर आकडे असतातच. बाबा म्हणाले, "अरे, ही तर समोरच्या गच्चीकडे बघतेय!" दिसते खरी तशी. ही थाळी म्हणजे मोठ्या वाटीच्या मधला नव्हे, कडेचा तुकडा. त्यामुळे लहरी खालच्या दांडीच्या टोकाशी गोळा होतात आणि डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते.

बाबा बाल्कनीत पाना घेऊन, मी टीव्हीसमोर.

"आलं का रे?"

"नाही!"

थेट गच्चीवरचे दिवस. (ती माशाच्या काट्यासारखी अँटेनाही मूळची जपानचीच, 1926 सालची, यागी आणि उदा यांची.) फरक एवढाच, की दूरदर्शनवर आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्यांतून माणसं. डिजिटलमध्ये मुंग्याच नाहीत. अंधार, नाहीतर लख्ख चित्र. म्हणून स्क्रीनवरच्या सिग्नलच्या आकड्यावर नजर ठेवायची, डिश किंचित सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, पुन्हा सरकवायची. दोन अंशांचा फरक पडला तरी निम्मा सिग्नल जातो.

"घाई करू नकोस," हे बाबाच मला सांगत होते! आकडा उसळला. "आलं, हात काढू नका!" त्यांनी बोल्ट आळीपाळीने, जरा जरा आवळले.

रंगीत रेशमी लंगोट वरच्या दोन गटांनाच मिळतो. बाबांना आवडली ती खालची, काळ्या लंगोटातली पोरं. दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट टीव्हीसमोरच मागून घेतलं. मग कोल्हापूरच्या मित्राला फोन लावला, तिकडे सकाळचे साडेनऊ, आणि धावतं वर्णन सुरू केलं.