आजीची मोर्णा

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मला ती मुळीच आवडत नाही. आमची आजी साठीत असताना अकोल्याच्या बाजारात भाजीवाल्याचा हिशेब तोंडी तपासायची! विसरायला लागली ती पंच्याहत्तरीनंतर.

आजोबा गेल्यावर आम्ही तिला अमरावतीला आणलं. चहात दोनदा साखर, चष्मा पिठाच्या डब्यात... इथवर सगळे हसले. मग एके दिवशी तिनं मलाच विचारलं, "कोनाचा व्हय रे तू?" तेव्हा कोणी हसलं नाही.

शेजारी म्हणाले, म्हातारचळ. एका नातेवाइकांना करणीचा संशय आला, त्यांनी गंडा आणून दिला. पाहुणे आले की आजीला आतल्या खोलीत बसवायचे. डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, डिमेन्शिया. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली तो प्रथम जगापुढे मांडला. यात मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. नवं लक्षात ठेवणारा भाग बहुधा आधी बिघडतो. म्हणून सकाळचं जेवण आठवत नाही, लहानपणची नदी आठवते. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही.

जपानमध्येही या आजाराचं जुनं नाव वेडगळपणा सुचवणारं होतं. २००४ साली तिथल्या सरकारनं ते बदलून 'निन्चिशो' केलं, म्हणजे आकलनाचा विकार. २००५ पासून तिथं दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुलंसुद्धा अशा माणसांशी कसं वागायचं ते शिकतात. बाबा म्हणाले, "नुसत्या नावानं काय होतं?" होतं की! आमच्या घरात 'चळ' जाऊन 'आजार' आला, तेव्हापासून आजी पुन्हा पाहुण्यांत बसू लागली.

एकदा ती "मोर्णेवर जातो" म्हणून निघाली. मोर्णा नदी अकोल्यात, इथून शंभरेक किलोमीटर! अंबादेवीजवळच्या हारवाल्या मावशींनी तिला ओळखलं, पाणी दिलं, रिक्षानं घरी आणलं. त्या काही जपानला शिकायला गेल्या नव्हत्या. आता आजीच्या बटव्यात पत्त्याची चिठ्ठी असते.

तिच्याशी वाद घालायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा ती पुन्हा पिशवी घेऊन दाराशी उभी. मी म्हटलं, "आजी, मोर्णेला पूर आलता, तेव्हाचं सांग ना."

ती पायरीवर बसली. वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला पूर सांगता सांगता दिवेलागण झाली. पिशवी तिथंच राहिली.