पत आणि पात्रता

महाराष्ट्रीय मध्यमवर्गाची परीक्षेतील गुणांवर जितकी निष्ठा असते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत चमकलेल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पाहत वाढलेला आमचा तरुण ऑकलंडला येतो, तोही गुणांच्याच वाटेने. कारण मूळ देश पाहून माणूस निवडण्याची जुनी रीत न्यूझीलंडने १९८७ च्या कायद्याने मोडीत काढली आणि १९९१ पासून अर्जदाराचे वय, शिक्षण व अनुभव यांना गुण देऊन प्रवेशाची सनद देण्यास आरंभ केला. ज्या राष्ट्राने आपला वर्ण न पाहता आपली प्रमाणपत्रे पाहिली, ते सर्वच व्यवहारांत तसे वागत असेल, असा त्याचा समज झाल्यास नवल नाही.

हा समज डळमळतो तो नोकरी सोडून स्वतःचे स्टार्टअप उभारू पाहताना. गुंतवणूकदारांच्या अशाच एका संध्याकाळी मी मागच्या रांगेत बसलो होतो. दुग्धव्यवसायासाठी नवी यंत्रणा घडवणाऱ्या एका स्थानिक तरुणाला, पाच वर्षांत ऑस्ट्रेलियाची किती बाजारपेठ काबीज कराल, असे विचारण्यात आले; त्याच्यानंतर उभ्या राहिलेल्या आमच्या पुण्याच्या मुलाला, गिऱ्हाइके सोडून गेली तर काय कराल आणि इथला कोणी भागीदार आहे का, असे. उद्धटपणाचा लवलेशही कोठे नव्हता; हस्तांदोलने झाली, चहा झाला, आणि पुण्याच्या मुलाला कोणी पुन्हा बोलावले नाही.

जो उद्योग अद्याप घडलाच नाही त्याची गुणवत्ता मोजण्याचे माप कोणाजवळच नसते. म्हणून पारखी माणूस पूर्वी यशस्वी झालेल्यांशी समोरच्याचे साम्य किती, एवढेच पाहतो आणि त्यालाच परीक्षा म्हणतो. गूगल आणि ॲमेझॉन यांना प्रारंभीच भांडवल पुरवणारे जॉन डोअर यांनी २००८ साली, हार्वर्ड-स्टॅनफर्डमधून शिक्षण अर्धवट सोडलेला गोरा, पुस्तकी वळणाचा तरुण दिसला की पैसे गुंतवण्याचा निर्णय सोपा होतो, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यांत द्वेष नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक विचार करायला लावणारे आहेत.

परंतु भेदाचे मूळ त्या दालनातच शोधणे पुरेसे नाही. गुंतवणूकदारापर्यंत पोहोचण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे बिनपगारी काढावी लागतात, आणि ऑकलंडमध्ये तो भार बहुधा वडिलांचे घर वाहते, कधी राहायला खोली देऊन, कधी बँकेकडे तारण राहून. घर जमिनीवर उभे असते, आणि जमिनीला इतिहास असतो. हे शहर वसले ते १८४० साली न्गाती फातुआ या माओरी जमातीने दिलेल्या भूमीवर. पुढच्या दशकात दक्षिणेकडील वायकातोच्या माओरींनी पिठाच्या गिरण्या उभारल्या, जहाजे बाळगली, ऑकलंडला अन्न पुरवले आणि ऑस्ट्रेलियापर्यंत माल धाडला. नव्या उद्योगाचे याहून धाडसी उदाहरण कोणते? १८६३ साली सरकारी फौज त्यांच्या मुलखात शिरली आणि त्यानंतर सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. जी उरली तिच्यातील बरीचशी अनेकांच्या सामाईक मालकीची, म्हणून तारण घ्यायला बँका कचरतात. त्या गिरणीमालकाचा वंशज आज रिकाम्या हाताने येतो, तेव्हा पात्रतेचे दार सर्वांना सारखेच उघडे आहे असे त्याला सांगण्यात येते!

आपणही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरी सोडली, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण १९१० साली बेळगावातून उठलेल्या त्यांच्या कारखान्याला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा व कर्ज दिले, त्यामागे कर्तृत्वाच्या जोडीने स्नेहही होता, हे सांगताना आवाज किंचित खाली येतो. लक्ष्मणरावांची योग्यता निर्विवाद होती. पण तितक्याच योग्यतेच्या ज्या लोहाराची कोणत्याही राजवाड्यात ओळख नव्हती, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मला वाटते, खरा भेद यशाच्या संधीत नसून अपयशाच्या मुभेत आहे. ज्याचा पहिला डाव फसला तरी ‘अनुभव आला’ असे म्हटले जाते, तो तिसऱ्या डावात गुणवान ठरतो. ज्याचा पहिला डाव फसताच त्याच्या साऱ्या जमातीची पत जाते, त्याला तिसरा डाव मिळतच नाही. म्हणून निकष आधी लेखी ठरवावेत आणि प्रत्येक अर्जदाराला तेच प्रश्न विचारावेत, एवढे तरी गुंतवणूकदारांकडून मागता येईल. आणि आपल्यातील ज्यांची इथली गृहकर्जे आता फिटली आहेत व ज्यांच्या गाठीस चार पैसे आहेत, त्यांनी पहिला धनादेश लिहिताना, आपल्या भाच्याने बुडवले असते तर जे पोटात घातले असते ते या परक्या मुलाचेही घालू का, एवढे स्वतःला विचारून मगच ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारावा.