'हू'ची चिठ्ठी

* राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. त्यामुळे पाचवीतल्या मुलांची 'हू'शी ओळख जुनी, पण ती प्रश्नातली: 'हू इज ही?' फळ्यावर 'आय नो द गर्ल हू सिंग्ज' लिहिलं, की बरीच मुलं शेवटी प्रश्नचिन्ह देऊन मोकळी होतात. आपल्याकडे विचारायला 'कोण' आणि जोडायला 'जो'. इंग्रजीत दोन्ही कामं एकट्या 'हू'च्या गळ्यात.

* जोडणं म्हणजे काय, ते शिकवावं लागत नाही. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं. 'संबंधी सर्वनाम' हे नाव वर्षभर घेतलं नाही तरी बिघडत नाही.

* अडतं ते जागेपाशी. 'जो मुलगा पहिला आला, तो माझा भाऊ' याच चालीवर वहीत उतरतं: 'हू बॉय केम फर्स्ट, ही इज माय ब्रदर.' इंग्रजीत नाम पुढे, 'हू' त्याच्या पाठोपाठ, आणि 'तो'ला सुट्टी.

* ही सुट्टी मुलांना पटत नाही. 'द बॉय हू ही केम फर्स्ट' असं हमखास येतं. त्यावर कागदाच्या पट्ट्या बऱ्या. एकीवर 'दिस इज द बॉय', दुसरीवर 'ही केम फर्स्ट'. 'ही'वर 'हू'ची चिठ्ठी डकवायची आणि पट्ट्या जोडायच्या. झाकला गेलेला 'ही' पुन्हा लिहायचा नाही.

* आधी 'आय नो द बॉय हू केम फर्स्ट'. 'द बॉय हू केम फर्स्ट इज माय ब्रदर' नंतर. त्यात 'बॉय' आणि 'इज' यांच्यामध्ये तीन शब्द घुसतात आणि 'इज' कोणाचा हे मुलं विसरतात.

* जो-जी-जे, ज्याने-जिने हा पसारा इंग्रजीत नाही. माणसाला 'हू', वस्तूला 'विच', 'दॅट' दोघांनाही चालतो. 'मग आमचा मोत्या?' प्राण्याला सहसा 'विच' किंवा 'दॅट'. पण नाव ठेवलेल्या, घरातल्या कुत्र्याला इंग्रजसुद्धा 'हू' म्हणतात. हा नियम वर्गाला एकदम मान्य.

* सरावाला कोडी. 'अ पर्सन हू स्टिचेस क्लोद्ज?' टेलर. दोन दिवसांत मुलं आपली कोडी आणतात आणि त्यांत निम्मी शिक्षकांवरच असतात.

* 'द हाऊस दॅट जॅक बिल्ट' हे बालगीत घ्यावं. कडव्यागणिक 'दॅट'ची साखळी लांबत जाते. पाठांतर होता होता रचना तोंडात बसते.

* 'हूम' पाचवीत नको. बोलताना इंग्रजही तो टाळतात.