आजीचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या

14 ऑक्टोबर 1956 ला आईबापाचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेली लेकरे आज ऐंशीच्या आसपास आहेत. आमच्या नरखेड तालुक्यातही अशा आज्या आहेत. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भीमगीते त्यांच्या तोंडपाठ आहेत; वहीत कुठेच नाहीत. म्हणून आम्ही काही मित्रांनी वर्गणी करून आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर घेतला. हातात मोबाईल असताना हा खर्च कशाला, असे समाजबांधव विचारतात.

मोबाईलवर सगळे आवाज एकत्र मिसळतात. मागे एका जयंतीला भाड्याच्या साउंडवाल्याने पेटी, ढोलकी, कोरस सारे एकाच ट्रॅकवर घेतले. ढोलकी खणखणीत आली, आजीचे शब्द बुडाले. पुढच्या जयंतीला आजी नव्हत्या. संगणकावर आता आवाज वेगळे करता येतात. पण बुडालेला शब्द परत मिळेलच असे नाही. मल्टिट्रॅक यंत्रात प्रत्येक माईकचा ट्रॅक निराळा असतो. ढोलकी जड झाली तर नंतर तेवढीच कमी करता येते.

हे काम आधीही झाले आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज त्या ऐकायला मिळतात.

आता यंत्राच्या अडचणी. माईक लावूनही आवाज येत नसेल तर तो कंडेन्सर माईक आहे का पाहा. त्याला 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याचे बटण यंत्रावर असते. सारखी घूंऽ ऐकू येत असेल तर यंत्र बॅटरीवर चालवून पाहा. घूं थांबली तर दोष विजेच्या जोडणीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. लाल दिवा लागला की आवाजाची पातळी लगेच कमी करा. डिजिटलमध्ये फाटलेला आवाज सहसा दुरुस्त होत नाही. पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावी.

साध्या दर्जाच्या मुद्रणात एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे 5 एमबी जागा लागते. आठ ट्रॅक तासभर चालले की अडीच जीबी. कार्ड त्याच यंत्रात फॉर्मेट करावे. गाणे संपल्यावर स्टॉप दाबल्याशिवाय फाईल पूर्ण होत नाही. मध्येच वीज गेली तर ती उघडत नाही. खेड्यात विजेचा भरवसा नाही, म्हणून भरलेली बॅटरी हवीच. फाईल उघडली नाही तर त्या कार्डावर पुढे काहीही घेऊ नका. जाणकाराकडून ती परत मिळू शकते. घरी आल्याबरोबर दोन ठिकाणी प्रती कराव्यात.

एक आजी आम्हाला म्हणाल्या, "माहा आवाज कोन आयकते बापू आता?" आम्ही त्यांच्या कानाला हेडफोन लावला. स्वतःचा आवाज ऐकून त्या हसल्या आणि आणखी चार ओव्या म्हणाल्या.

वाचकहो, रेकॉर्डर नसेल तर मोबाईलही चालेल. मात्र आधी आजीला एकटीला गाऊ द्या, ढोलकी नंतर. गाणे, गाव, गाणारीचे नाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून सुरुवातीला वदवून घ्या. या रविवारीच बसा.